नवरदेवाला खाली उतरवणारे मामा

माझ्या बायकोचे मोठे मामा माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवून कधीच बोलत नाहीत. पण बोरीवलीत ज्याच्या डोळ्यात त्यांनी डोकावलं नाही असं एकही कुत्रं-मांजर सापडणार नाही. मामा डॉक्टर वगैरे मुळीच नाहीत, जन्मभर विमा कंपनीत कारकुनी केली. पण कुणाकडे गेले की चहाआधी तिथल्या मांजराची खालची पापणी ओढून बघणार. मेहुण्यासाठी मुलगी बघायला गेलो, तेव्हा आम्ही मुलीला प्रश्न विचारत होतो आणि मामा सोफ्याखाली आडवे होऊन तिच्या कुत्र्याला विचारत होते, "उजेडात डोळा मिटतोस का रे?" घरात उरलेले डोळ्याचे थेंब कुणी कुत्र्याला घातल्याचं कळलं, की त्यांचं पित्त खवळतं. "लाल डोळा म्हणजे सगळा एकच आजार वाटला तुला? बुबुळावर जखम असली तर ह्याच थेंबांनी वाट लागेल!"

तरीही लग्न जमलं. मेहुणा घोडीवर बसून हॉलकडे निघाला, बँडवाले रंगात आले, आणि मामा एकदम घोडीपुढे आडवे. "थांबवा रे! बंटी, उतर खाली." घोडीच्या डाव्या डोळ्यातून धार लागली होती, पापणी अर्धी मिटलेली, बुबुळावर धुरकट निळसर झाक. घोडीवाला म्हणाला, "सुबह से दो बारात किया चाचा, थक गई है." मामांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि नवरदेवाच्या डोक्यावरची झालरीची छत्री ओढून घोडीवर धरली, कारण ऊन तिला टोचत होतं. सासूबाई कडाडल्या, "दादा, मुहूर्त टळेल!" फारच तापले की मामांची मालवणी जागी होते. "मुहूर्त दुसरो मिळात. डोळो खंयसून हाडूचो?" दुसरा डोळा कुठून आणायचा, एवढं विचारून ते पुन्हा घोडीकडे वळले.

नवरदेव फेटा मांडीवर घेऊन रिक्षाने गेला. अक्षता पडल्या तेव्हा मामा रस्त्याच्या कडेला छत्री धरून जनावरांच्या डॉक्टरची वाट बघत होते. डोळ्याच्या आत सूज होती; आणखी दोन दिवस गेले असते तर डोळा गेलाच होता, असं डॉक्टर म्हणाले. औषध आणि अंधार, दोन्ही सांगितलं. पुढे तीन आठवडे मामा रोज तबेल्यात थेंब घालायला जायचे. सासूबाईंनी तेवढे दिवस अबोला धरला.

शेवटच्या दिवशी मीही गेलो. मामांनी डाव्या बाजूने गाजर दाखवलं आणि घोडीने टक्क डोळा उघडून तिकडे मान वळवली. "झकास, मामा! वाचला डोळा," मी म्हणालो. मामा तिच्या मानेवरून हात फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "आमच्या मोत्याचे डोळे असेच लाल झाले होते रे. मी शहाणा, चार दिवस गुलाबपाणी घालत बसलो. पुढे त्याला काहीच दिसेना. मी हाक मारली की भिंतींवर आपटत यायचा. पण यायचा."