पंचवीस अभिप्राय आणि मोहाचे झाड

"भाऊ, हे घ्या तुमचं पुस्तक. वाघ बरा हाये. पोरगी बिनडोक हाये."

यशोदाने कादंबरी टेबलावर ठेवली. तिथेच नागपूरच्या प्रकाशकाचे कार्ड पडले होते. 'पोळ्यापूर्वी आमच्या या कादंबरीवर पंचवीस वाचकांचे उत्तम अभिप्राय पाठवावेत. मग एजन्सीचा विचार करू.' 'उत्तम'च्या खाली दोन रेघा मारलेल्या. यशोदाचा अभिप्राय अकरावा होता, आणि आधीच्या दहांपैकी एकही त्या दोन रेघांच्या जवळपास पोचत नव्हता.

तेव्हा चांदा आणि गडचिरोली हा एकच जिल्हा होता. आरमोरीला बाजाराच्या रस्त्यावर माझे वाचनालय होते. सात वर्षे तेंदूपत्त्याच्या फडावर मुन्शी म्हणून पुडे मोजले, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, आणि जे साठले त्यातून तीनशे पुस्तके घेतली. कोणाच्या बापाची मदत घेतली नाही. पण तीन वर्षांत लोकांनी तीनशेच्या तीनशे वाचून संपवली. नवीन नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले. एजन्सी मिळाली असती तर पुस्तके परतीच्या बोलीवर आली असती. म्हणजे खपले नाही ते प्रकाशकाला परत, आपल्या डोक्यावर बोजा नाही. नाही मिळाली तर येत्या उन्हाळ्यात परत फडावर. इतके ते कार्ड महत्त्वाचे होते.

कादंबरीचे नाव मी इथे लिहीत नाही. तेवढी जाहिरातही मला करायची नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींसाठी लिहिलेली अद्भुत प्रेमकथा. शापामुळे राजपुत्राचा रात्री वाघ होतो. लाकूडतोड्याची मुलगी त्याला जीव लावते. श्रावणातल्या पौर्णिमेला दोघांच्या अंगावर मोहाची फुले बरसतात. मग राजपुत्र निघून जातो आणि ती आठ प्रकरणे त्याच झाडाखाली बसून रडते. शेवटी शाप सुटतो.

माझ्या वाचनालयाचा एक नियम होता. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी कोरा कागद चिकटवलेला असे. त्यावर पेन्सिलने एक ओळ तरी लिहिल्याशिवाय दुसरे पुस्तक मिळत नसे. कोणते पुस्तक चालते आणि कोणते पडून राहते ते मला फुकटात कळावे, एवढाच हेतू. त्या नियमाने माझेच नाक कापले जाईल असे वाटले नव्हते.

यशोदा मासेमार ढिवरांच्या मोहल्ल्यातली, सातवी पास. दुपार कलली की बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर बायका जाळी दुरुस्त करत बसत आणि ही मोठ्याने वाचून दाखवी. गाव जंगलाच्या कडेचे, त्यामुळे ऐकणाऱ्यांत खायला-विकायला मोहाची फुले वेचणाऱ्याही बऱ्याच. वर्गणी एकीची, ऐकणाऱ्या वीस. ही गोष्ट मला खुपत होतीच. पण वीस जणींचे मत ती एकटी लिहून आणी, आणि आता मला मतेच हवी होती.

मी कागद वाचला.

'राजपुत्राचा वाघ होते हे पटते. पण मोह श्रावणात फुलत नाही. फुलं फागुन-चैतात पडते.'

'पायाखाली मोह पडून राह्यला अन् ही रडून राह्यली. आठ परकरणात एक टोपली भरली नाही. अशा पोरीसंगं कोण राजपुत्र संसार करील?'

माझे डोके तापले.

"यशोदा, ही गोष्ट खोटी आहे. अद्भुत आहे. त्यात काहीही होऊ शकते."

"मंग वाघाचं आम्ही काही म्हनलो का? माणसाचा वाघ होते, खुशाल होऊ द्या. पन झाडानं झाडावानी वागावं, भाऊ."

"चांगली एक ओळ लिही. पुढचे दोन महिने वर्गणी माफ."

"दोन महिने कायले? नवीन पुस्तक तं तुमच्याजवळ नाईच."

सौदा करण्यात मी कोणाला हार गेलो नव्हतो, पण गिऱ्हाइकाने माझी रिकामी फळी बघितली होती.  बाकीच्यांचे अभिप्रायही असेच. नाकेदार, म्हणजे जंगलखात्याचा नाक्यावरचा माणूस, त्याने लिहिले होते, 'भाषा गोड. पण वाघ पाणवठ्यावर गाणी गात नाही.' शाळेतल्या विमलबाईंनी लिहिले होते, 'मुलींना आवडेल. मात्र रडण्याचे वाईट वळण लागेल.'

पोळा चार दिवसांवर आला तेव्हा मी ते केले, ज्याचा मला आजही राग येतो. स्वतःचाच. मी खोटे काही लिहिले नाही. फक्त वाक्ये अर्ध्यावर तोडली. 'भाषा गोड.' 'मुलींना आवडेल.' 'राजपुत्राचा वाघ होते हे पटते.' शेवटच्या वाक्यातला 'होते' सुधारून 'होतो' केला. खाली खरी नावे, खरी गावे. पंचवीस पूर्ण झाले. पोस्टात टाकले आणि मोकळा झालो.

दसऱ्यानंतर उत्तर आले. 'आपल्या भागात इतके रसिक वाचक असल्याचे पाहून आनंद झाला. त्यांना प्रत्यक्ष भेटण्यासाठी येत आहे.'

आला. वैनगंगा नावेने ओलांडून, पांढरे धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरवून. मी आधी नाकेदाराकडे न्यायचे ठरवले होते. तो सरकारी माणूस, तोंड सांभाळून बोलला असता. पण प्रकाशकाच्या हातात यादी होती.

"ही यशोदा कोण? 'राजपुत्राचा वाघ होतो हे पटते.' किती निर्मळ श्रद्धा आहे! आधी हिच्याकडे चला."

"ती कामात असते, साहेब."

"मग कामातच भेटू."

बोडीच्या पाळीवर सगळ्या बसल्या होत्या. प्रकाशकाने कौतुकाने तिची ओळ वाचून दाखवली. यशोदाच्या हातातली जाळ्याची सुई थांबली. तिने माझ्याकडे बघितले.

"माझं अर्धंच काऊन धाडलं, भाऊ? मोह कुठी गेला?"

"कोणता मोह?" प्रकाशकाने विचारले.

मग तिने सगळे सांगितले. बाकीच्यांनी भर घातली. एका म्हातारीने तर विचारले, "लिहिनाऱ्यानं झाड पाह्यलं हाये का जी, का नुसती दारू पाह्यली?" पाळीवर सगळ्या इतक्या हसल्या की बगळे उडाले.

प्रकाशक लाल झाला. "बाई, ही प्रेमकथा आहे. शेतकीचे पुस्तक नव्हे!"

"तेच म्हनतो जी आम्ही," यशोदा म्हणाली. "पिरेम असतं तं तिनं मोह वेचून ठेवला असता. परत आल्यावर तो खाईल काय?"

प्रकाशकाने यादीची घडी घातली आणि तो चालू लागला.  परतीच्या वाटेवर त्याने मला एकच वाक्य ऐकवले. "तुम्ही माझी फसवणूक केलीत."

"मी फक्त तुम्हाला पाहिजे होते ते पाठवले," मी म्हणालो. हे वाक्य मला तोडून बोलता आले असते, पण जीभ आवरली नाही. "फसवणूक तुम्हीच कार्डावर दोन रेघा मारून मागितली होती!"

एजन्सी वरोऱ्याच्या एका दुकानदाराला मिळाली. त्याने पंचवीस अभिप्राय पाठवले होते, सगळे एकाच शाईत आणि एकाच वळणाच्या अक्षरात.

फडावर मात्र मला जावे लागले नाही. आरमोरीच्या पोरीने नागपूरच्या साहेबाला बोडीवर गप्प केले, ही बातमी बाजारात पसरली. तिने काय लिहिले होते ते वाचायला लोक यायला लागले. कादंबरी कोणी घेत नव्हते, शेवटचा कागद वाचत होते. मग त्याच्याखाली स्वतःचे लिहीत. एका कागदाचे सात झाले. ज्या तीनशे पुस्तकांना लोक कंटाळले होते, तीच आता दुसऱ्याने काय लिहिले ते बघायला परत नेऊ लागले. वर्गणी सुरू झाली.

पुढच्या वर्षी दुसरी आवृत्ती निघाली. वरोऱ्याच्या माणसाकडून मला ती पूर्ण किमतीत घ्यावी लागली. घासाघीस केली तरी त्याने आणा सोडला नाही. उघडून पाहतो तर पौर्णिमा चैत्रातली. मोह चैत्रातला. वाघ गात नाही. नायिका आठ प्रकरणे रडते, पण रडता रडता टोपलीभर फुले वेचते. आभार कोणाचेच नाहीत. आणि पहिल्या पानावर, 'सुज्ञ वाचक म्हणतात', त्याखाली मी तोडलेली तीच वाक्ये, तीच अर्धी.

मी पुस्तक घेऊन तडक बोडीवर गेलो. यशोदाने पाच दिवस ते वाचून दाखवले. सहाव्या दिवशी आणून दिले. तिला न्याय मिळाला, मला नाही, असे काहीतरी मी बडबडत होतो. तिने लक्ष दिले नाही. शेवटच्या कागदावर पेन्सिलने ओळ लिहिली होती.

'आता बरं हाये. पण बाई रडत घरून निघाली तेव्हा हात रिकामे होते. टोपली आली कुठून?'

वाचकाला वाघ पचतो, शाप पचतो. टोपलीचा हिशेब मात्र त्याला द्यावाच लागतो. ही ओळ मी प्रकाशकाला पाठवली. या वेळी पूर्ण पाठवली. उत्तर अजून यायचे आहे.