रुमादींची वाटी

चहाची किटली घेऊन टेबलाटेबलाला फिरणाऱ्या बाईकडे किस्से आपोआप जमतात. मी मागायला जात नाही, पण कान काही पदराला पुसून ठेवून देता येत नाहीत! आमच्या कोलकात्याच्या सरकारी ऑफिसातले माझे निम्मे किस्से एकट्या रुमादींचे. टेम्पररी क्लार्कची निवड त्यांच्याकडे असते. बाई माझ्याशी हिंदीत बोलतात, मी आपलं मराठीत सांगते.

यंदा मात्र नुसतं ऐकून भागणार नव्हतं. आमच्या ह्यांच्या कंपनीनं इथली ब्रँच बंद केली. परक्या मुलखात, पदरात लहानगी मनू, कमावती मी एकटी, तीही सातवी पास आणि कंत्राटावर. ह्यांनी आमच्याच ऑफिसात क्लार्कचा अर्ज टाकला.

मी घाबरत रुमादींना सांगून टाकलं, "दीदी, माझ्या मिस्टरांचा अर्ज आहे."

मला वाटलं, निदान हसतील तरी. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. उद्यापासून माझा चहा दाराबाहेर ठेवायचा!"

*

अर्ज आले की रुमादी आधी त्यांवर नंबर घालतात. मग नाव, आडनाव, फोटो, सगळं दुमडून टाचणी लावतात. त्यानंतरच वाचायला घेतात.

एक साहेब म्हणाले, "दीदी, आडनाव दिसलं तर माणूस पटकन कळतो हो."

"म्हणून तर टाचणी!"

*

एकदा संदेश मिठाईचा मोठा डबा आला. कुणी पाठवला, चिठ्ठी नाही, काही नाही. फक्त आणणारा डोळा मारून म्हणाला, "दीदी समजून घेतील."

दीदींनी समजून घेतलं. डबा बाहेर बाकांवर बसलेल्या उमेदवारांत फिरवला. "कुणीतरी सगळ्यांसाठी पाठवलाय, एकेक घ्या."

ज्यानं पाठवला तोही त्यातच बसला होता म्हणे. त्यालाही एकच मिळाला!

*

टायपिंगची परीक्षा झाली. आमचे हे खुशीत घरी आले, "झकास झाली!" महिन्यात पहिल्यांदा मी पोटभर जेवले.

इकडे रुमादी परीक्षेनंतर एकेका कीबोर्डवर बोटं मारत बसलेल्या. एकाचं एक बटण अडकत होतं. त्यावर बसलेला बेहाला भागातला मुलगा बिचारा काही बोललाच नव्हता. दीदींनी सगळ्यांची परीक्षा रद्द केली.

साहेब वैतागले. "अहो, एकट्याची परत घ्या ना!"

"त्याचा एकट्याचा हात दोनदा सरावेल. मग बाकीच्यांनी काय पाप केलं?"

ह्यांना ते कळलं तेव्हा हे ताटावरून उठले. मला रडूही येत होतं आणि, खोटं कशाला सांगू, बाईंना हात जोडावेसेही वाटत होते.

*

मार्क सारखे पडले तर दीदींची ठरलेली रीत आहे. घरून आणलेली पितळी वाटी, दोन नंबरांच्या दोन चिठ्ठ्या, आणि उचलायला वाचता न येणारं मूल. मागच्या भरतीत पाळणाघराला सुट्टी होती म्हणून मनू माझ्याबरोबर होती. तिलाच बोलावलं. तिनं दोन्ही चिठ्ठ्या मुठीत धरल्या!

"एकच घे ग बाळा."

"मग दुसरीला राग येईल ना!"

अख्खी खोली हसली. दीदी नाही हसल्या. मनूनं एक काढली, ती दीदींनी स्वतः वाचली, आणि उरलेलीही उघडून सगळ्यांपुढे धरली. वाचलेलं खरं आहे हे पटावं म्हणून ती दाखवल्याशिवाय त्या कुणाला जागचं हलू देत नाहीत.

*

यंदा परत घेतलेल्या परीक्षेनंतर शेवटच्या एका जागेसाठी पुन्हा दोघे बरोबरीत आले. सतरा नंबर बराकपूरची मौसुमी. तेवीस नंबर आमचे हे.

आणि त्या दिवशी पाळणाघर बंद! मनू बाहेर माझ्या पदराशी. दीदींनी तिला हाक मारली तशी मीही आत धावले. "नको दीदी, दुसरं कुणाचं तरी मूल आणा. हिचा बाप आहे तो!"

दीदींनी मौसुमीला विचारलं, "तुझी हरकत?"

त्या पोरीनं मनूला नीट न्याहाळलं. मग म्हणाली, "वाचता येत नाही ना तिला? मग चालेल. पण तिच्या आईला बाहेर ठेवा!"

मी किटली घेऊन उंबऱ्याबाहेर. दार उघडंच होतं.

मनूनं शहाण्यासारखी एकच चिठ्ठी काढली. दीदींनी हात पुढे केला, तर ही त्यांना चुकवून धावत थेट बापाकडे! "बाबा, तुम्हाला!"

ह्यांनी चिठ्ठी उघडली. आत काय आहे ते एकट्या ह्यांनाच दिसत होतं. मनू टाळ्या वाजवत होती.

"सतरा," हे म्हणाले.

दीदींनी ती चिठ्ठी मागितली नाही. वाटीतली उरलेली उचलली आणि न उघडताच फाडून टाकली.