धुऱ्यावरची तूर

सडक अर्जुनीकडच्या आमच्या गावात एक रीत होती. बांधीतलं धान घरधन्याचं, पण बांधीभोवतीच्या धुऱ्यावर, म्हणजे मातीच्या बांधावर, लावलेली तूर घरच्या बाईची. तीच लावणार, तीच तोडणार, पुरुषाने तिला हात लावायचा नाही. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा आईने तिला धुरा दाखवला. आमच्या घरात तिला स्वतःचं म्हणावं असं तेवढंच मिळालं.

त्याच तुरीत माझ्या भावाने गांजाची झाडं लावली. तूर उंच वाढते, आडोसा चांगला. वहिनी म्हणाली, उपटून टाका. त्यावर तिने मार खाल्ला.

पोलीस आले तेव्हा धानाची कापणी चालू होती. झाडं उपटताना त्यांच्या बुटांखाली तूर आडवी होऊ लागली, तशी वहिनी विळा टाकून धावत सुटली.

"माही तूर काऊन तुडवून राहिले? उतरा खाली!"

साहेबाने विचारलं, "बाई, हा धुरा तुझा?"

"माहाच आहे. गावात विचारा कोनाले बी."

भाऊ मागे पेंढ्या बांधत होता. त्याने मान वर केली नाही. पोलिसांनी तिलाच जीपमध्ये बसवलं.

गोंदियाच्या कोर्टात पंचांनी तेवढंच सांगितलं, बाई स्वतःच्या तोंडाने माझा म्हणाली. गावाची रीत तिच्या वकिलाला ठाऊक नव्हती, आणि त्याने तिला कधी काही विचारलंच नाही. चार वर्षं सक्तमजुरी झाली. तिची पोरगी तेव्हा नुकती बोलायला लागली होती. भावाने कोर्टाबाहेर समोसे खाल्ले, वर चहा घेतला. मी त्याच्याकडे बघत होते. एकही घास अडला नाही मेल्याचा.

अपिलासाठी नागपूरला हायकोर्टाच्या खेपा मीच घातल्या. सरकारी मदतीतून मिळालेला वकील बरा होता. तो म्हणाला, "शेत अजून तुमच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे. ते कोण कसतो, एवढं नवऱ्याने येऊन सांगावं. बाई लवकर सुटेल."

घरी येऊन मी हे सांगितलं. भाऊ जेवत होता.

"अन् मी आत गेलो त नांगर कोन धरल? तू?"

आई त्याला भात वाढत म्हणाली, "तिले तिथं दोन टाइम जेवाले भेटते. इथं कोनतं सुख होतं तिले?"

आईचं शेवटचं वाक्य खरंच होतं. माझ्या आईला ते खरं आहे हे माहीत होतं, याचाच मला जास्त संताप आला.

नागपूरच्या तुरुंगात भेटायला गेले की जाळीपलीकडून वहिनी आधी तुरीचं विचारायची. "बाई, तूर तोडली का?" मग पोरगीचं. पोरगी आता माझ्या आईलाच आई म्हणत होती. आईनेच तसं शिकवलं होतं. हे मी वहिनीला सांगितलं नाही, पण पुढे पुढे तिने पोरगीचं विचारणंच सोडलं.

अपील निकाली निघालं तेव्हा तिची शिक्षा संपत आली होती. निर्दोष. तूर माझी म्हणणं म्हणजे गांजा माझा म्हणणं नव्हे, असं न्यायाधीशांनी म्हटलं. आमच्या गावातल्या कुठल्याही बाईने हे धुऱ्यावर उभ्या उभ्या सांगितलं असतं.

"सुटली ना? मंग?" भाऊ म्हणाला. "उगाच बोंबलत होती तू." तो आणायला आला नाही.

मी पोरगीला घेऊन गोंदियाला गेले. वहिनी रेल्वेतून उतरली, पोरगीकडे बघून थांबली, पण तिला जवळ घेतलं नाही. बसमध्ये पोरगी आम्हा दोघींच्या मध्ये बसली. समोरच्या म्हातारीने कौतुकाने वहिनीला विचारलं, "गोड आहे व. पोरगी तुही काय?"

वहिनीने आधी माझ्याकडे पाहिलं. मग कुणी लिहून घेत असल्यासारखी हळू आवाजात म्हणाली, "नाही जी. माही नाही. ह्यायच्या घरची आहे."

पोरगीने ते ऐकलं आणि सरकून माझ्या मांडीवर येऊन बसली.