खोकल्याच्या बाटलीतलं निलगिरीचं तेल

मैत्रिणींनो, आत्ता संध्याकाळी दवाखान्यातून घरी आलो.

सकाळी चार वर्षांची नात खोकत होती आणि मी आंघोळीला गेले होते. साखऱ्याहून आलेल्या माझ्या नणंदेने फळीवरची खोकल्याच्या औषधाची बाटली काढून तिला चमचाभर पाजलं. लेकरू किंचाळलं, निम्मं थुंकलं. मी धावत आले, बाटलीचा वास घेतला, तर आत निलगिरीचं तेल होतं. आमच्या ह्यांनी कळमनुरीच्या बाजारातून सुटं आणून त्या बाटलीत भरलेलं, लेबल तसंच ठेवून.

"वहिनी, मिठाचं पाणी पाजून उलटी काढू," नणंद रडत म्हणाली. मी म्हटलं, आधी डॉक्टर.

"उलटी काढली न्हाई, हे बराबर केलं. तेल फुफ्फुसात गेलं असतं," डॉक्टर म्हणाले. दिवसभर नजरेखाली ठेवून त्यांनी घरी सोडलं.

ह्यांचं म्हणणं, "बाटली मी गरम पाण्यानं धुतली होती." जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस आहे हा.

तेल गुणी आहे. गरम पाण्यात दोन थेंब टाकून मी वाफ घेते, तिळाच्या तेलात मिसळून गुडघ्यांना चोळते. पण पोटात गेलं तर ते विष आहे, आणि लहान लेकरांच्या नाकालाही लावू नये.

नणंदेचा यात दोष नाही. तिने लेबल वाचूनच दिलं होतं. नात तिच्याच मांडीवर बसून खिचडी खातेय.

तुमच्या फळीवर अशी एखादी बाटली आहे का? वाचून झालं असेल तर उठून बघता?