मागं राहिली तिचा दम

"दम कुठं ठेवलायस?" असं इचारत सर पळून आलेल्या पोराच्या पाठीमागं तळहात धरायचे. टेकवायचे न्हाईत, बोटभर लांबच. पयल्यांदा बघितलं तवा माझ्या अंगावर काटा आला. वाटलं, ह्यो मानूस पोराच्या आतलं काय काढून घेतोय.

भोरवरनं यायचे ते, पोरांचा दम मोजायला. आमच्या वस्तीखालच्या शाळंत पटांगनावर फक्कीच्या दोन रेघा मारायचे, बाजूला स्पीकरचा डबा. डबा पीप करायचा. पीप व्हायच्या आत ह्या रेघंवरनं त्या रेघंवर जायचं, मग माघारी, आन् पीप घाईघाईनं व्हत जायची. जे पोचलं न्हाई ते बाद, जाऊन भिंतीपाशी बसायचं. म्हातारी मानसं म्हनायची, सर, आमच्या शेरडांचाबी मोजा की. सर म्हनायचे, "शेरडू खोटं पळत न्हाई बाबा. त्याला कशाला मोजायचं?"

माझी सोनी पयल्या दोघींतच बसायची. दर टायमाला.

तुमाला काय सांगू, गेल्या साली थंडीत माझी धाकटी लेक धाप लागून गेली. गाडी मिळंस्तवर गेली, माझ्या मांडीवर. सासू म्हनली, तुझ्या माहेरचाच दम आखूड, आता हीबी त्याच वाटंनं. मग मी चुलीपुढं बसल्या बसल्या सोनीला ओढायचे, तिच्या छातीला कान लावायचे, आन् तव्यावर भाकरी करपायची.

सरास्नी म्हनलं, हिलाबी तसंच हाय का, खरं काय ते सांगा. ते म्हनले, "आकडा बारका आला म्हनून दम बारका न्हाई, ताई. पोर कशापायी थांबलं, ते आदी बघायचं."

मग त्यांनी बघितलं. सोनीला धाप लागतच नव्हती. जी पोरगी पयली दमायची तिच्याजवळ जाऊन सोनी बसायची. आज ही दमली तर हिच्याजवळ, उद्या ती दमली तर तिच्याजवळ.

तवा म्या त्यास्नी सांगितलं. आमी शेरडं राखनारी मानसं. धुक्यात डोंगर उतरताना मागचं सोडून फुडं निघायचं न्हाई, चालाया लागल्यापासनं शिकिवत्यात आमाला. मागं एकटं राहिलं ते बिबट्याचं.

सर हासले. म्हनले, मग हिला एकटीलाच पळवू, मागं कुनी नकोच.

त्या सकाळी धुकं पार पटांगनात उतरलेलं, पल्याडची रेघ दिसंना. नुसती पीप ऐकू यायची, आन् सोनीची पावलं. दोन-चार फेऱ्या झाल्या आन् पावलं थांबली. पीप चालूच. आमी धावलो. सोनी रेघंजवळ फतकल मारून बसलेली, घाम न्हाई, धाप न्हाई.

"का गं बसलीस? आता तर मागं कुनी न्हाई," सर म्हनले.

"हाय की. ही दमलीया," सोनी म्हनली, आन् शेजारी बोट केलं.

शेजारी नुसतं वलं गवत. म्या पदर तोंडात कोंबला.

दुसरा कुनी असता तर त्यानं पोरीला दटावलं असतं. सर गुडघ्यावर बसले. त्या गवताच्या वर हात धरला, लई येळ धरला. त्यांचं तोंड उतरलं.

"हिला पळवायचं न्हाई," ते सोनीला हळू बोलले. "ही माझ्याजवळ बसंल. तू जा."

मग कुनाची तरी बोटं धरल्यावानी हात खाली सोडून ते भिंतीकडं गेले, सावकाश, बारक्या पावलांनी.

सोनी पळली. धुकं इरंस्तवर पळली. डब्यातल्या पीपा संपल्या, ती न्हाई संपली. सर म्हनले, "हिचा दम ठनठनीत हाय, ताई. आता कान लावत बसू नका." मी रडले. पन त्यांच्याकडं बघायला भ्याले. त्यांची एक मूठ अजून तशीच वळलेली व्हती.

मोजायचं काम त्याच दिवशी सरलं. दुपारच्या एसटीला मी भुईमुगाच्या शेंगा घेऊन थांब्यावर गेले. सर चढले, खिडकीची जागा मोकळी सोडून अलीकडं बसले. बाजाराला निघालेली एक बाई पाटी घेऊन आली, म्हनली, सरका की आत.

"हितं बसलंय, मावशी," सर म्हनले.

बाई त्या मोकळ्या जागंकडं बघत बघत मागं गेली.

सर परत आमच्याकडं आले न्हाईत. भोरला कुनाला इचारलं तर सांगत्यात, बदलून गेले.

त्या दुपारी एसटी हालली तवा म्या हात केला. सरास्नी न्हाई, खिडकीच्या मोकळ्या जागंला.