क्रीडागार, सभादालन आणि जोशी मॅडमची परीक्षा

"दोन याद्या आहेत ना? मग टेस्ट करू," ग्रेग म्हणाला. ग्रेग म्हणजे आमच्या वेलिंग्टन ऑफिसचा मॅनेजर. त्याचं वाक्य संपायच्या आत माझ्या पोटात दुखायला लागलं होतं. एक यादी माझी होती आणि दुसरी तन्वीची.

काम साधं होतं. मोठ्या कार्यक्रमांसाठी भाड्याने जागा शोधून देणारी एक वेबसाइट आम्ही सहा भाषांत करत होतो. याला लोकलायझेशन म्हणतात. नुसतं भाषांतर पुरत नाही, त्या भाषेच्या माणसाला साइट आपली वाटली पाहिजे. मराठी माझ्याकडे होतं, गेली चौदा वर्षं. सहाही भाषांवर आता एक लीड नेमायचा होता, आणि ती जागा माझीच, असं मी घरी सांगूनही टाकलं होतं.

घोडं अडलं ते जागांच्या प्रकारांवर. इंग्रजी इमारतीकडे बघते. वर उघडं आणि चहूबाजूंनी बसायची सोय, ते स्टेडियम. तसंच पण छप्पर असलेलं, ते अरीना. खुर्च्या एकाच दिशेला तोंड करून पक्क्या बसवलेल्या, ते ऑडिटोरियम. सपाट फरशी आणि हलणाऱ्या खुर्च्या, तो हॉल. मँडरिनवाली लिन दहा मिनिटांत मोकळी झाली. त्यांच्याकडे छताखालच्या जागेच्या नावाला एक शेपूट लागतं, मोकळ्या जागेच्या नावाला दुसरं. मला तिचाही हेवा वाटला, पण तो किरकोळ.

मी आठवडाभर शब्दकोश घेऊन बसलो. क्रीडागार. आच्छादित क्रीडागार. प्रेक्षागृह. सभादालन. यादीकडे बघून माझं मलाच भरून आलं.

तन्वी आमच्याच टीममधली, इथेच जन्मलेली, पंचविशीतली. मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत. देवनागरी वाचताना अजून शब्दाखाली बोट धरते. ग्रेगने सहज विचारलं म्हणून तिने लंचमध्ये एक यादी केली, तीही रोमन लिपीत. मॅचचं ग्राउंड, वर उघडं. मोठ्या शोची जागा, वर छप्पर. नाटकाचं थिएटर, खुर्च्या पक्क्या. आणि शेवटी, फंक्शनचा हॉल: खुर्च्या हलतात, किचन आहे, होम पेटवता येतो का ते आधी विचारा.

"हे शब्द आहेत की वाक्यं?" मी विचारलं.

"मिलिंद, नोबडी आस्क्स अबाउट द बिल्डिंग," ती म्हणाली. "दे आस्क, तिथे काय करता येतं."

मग तिने लहानपणची गोष्ट सांगितली. इथल्या मराठी मंडळाच्या पूजेत धुराने शाळेच्या हॉलचा अलार्म वाजला होता. सगळे सोवळ्यासकट बाहेर, पाठोपाठ बंब. ग्रेग हसता हसता लाल झाला. चौदा वर्षांत माझ्या एकाही गोष्टीवर तो तसा हसला नव्हता. शिवाय मी मंडळात कधी जात नाही, त्यामुळे अशी गोष्ट माझ्याकडे असणंही शक्य नव्हतं. मी जळत होतो, दुसरा शब्द नाही.

म्हणून मी एक काम केलं. टेस्टला मराठी माणसं आणायची जबाबदारी मी स्वतःहून घेतली. दोन जण हॉस्पिटलमधले डॉक्टर मिळाले. तिसरं नाव मी मुद्दाम घातलं: जोशी मॅडम. पुण्यात तीस वर्षं मराठी शिकवून आता मुलाकडे राहायला आलेल्या. त्या 'फंक्शन' हा शब्द वाचून चष्मा काढून ठेवतील, याची मला खात्री होती.

दोन्ही याद्या स्क्रीनवर शेजारी शेजारी दाखवायच्या होत्या, पण यादी कुणाची हे कुणालाच सांगायचं नव्हतं. दोघा डॉक्टरांनी तन्वीची यादी निवडली. मी मनात म्हटलं, डॉक्टरांना मराठी कुठे येतं!

जोशी मॅडम आल्या. माझी यादी त्यांनी मोठ्याने वाचली. 'आच्छादित' उच्चारताना त्यांचा चेहरा उजळला.

"किती दिवसांनी असे शब्द वाचले! कुणी केलंय हे?"

मी ग्रेगकडे बघितलं. तोही माझ्याकडे बघत होता.

"आता तुम्हाला खरोखर जागा हवी असेल तर कुठे क्लिक कराल?" मी विचारलं.

"हवीच आहे की! नातवाची मुंज आहे. ऐंशी पानं बसवायची आहेत, होम आहे." त्यांनी माऊस हातात घेतला आणि थेट तन्वीच्या चौथ्या ओळीवर नेला. "हे बघा, इथे होमाचं विचारलंय. यांना आपल्या घरचं कार्य कळतं."

"पण ही भाषा, मॅडम..."

"अहो मिलिंद, भाषेला काय करू? सभादालनात मुलगा मांडीवर बसवता येईल की नाही, ते लिहिलंय का कुठे?"

आपलेच दात, आपलेच ओठ.

"स्वीट अ‍ॅज," ग्रेग म्हणाला, म्हणजे इकडच्या बोलीत झकास. पंधरा दिवसांत तन्वी लीड झाली. घरी मी सांगितलं की, त्या जागेत फार मीटिंगा असतात.

नव्या लीडने मला दिलेलं पहिलं काम म्हणजे तिची यादी देवनागरीत टाइप करणं. मी केलं. एक अनुस्वारही सोडला नाही. मग तिने बोट धरून ती सावकाश वाचली आणि म्हणाली, "थँक्स मिलिंदकाका, लुक्स लव्हली." आजवर ती मला काका म्हणाली नव्हती, आणि नेमकी त्याच दिवशी म्हणाली.

या धंद्यात येणाऱ्यांना माझा सल्ला एवढाच. परीक्षेत लबाडी करायचीच असेल, तर परीक्षक म्हणून प्रामाणिक शिक्षिका बोलावू नका. आणि त्यातून घरात मुंज असलेली तर मुळीच नको.