चाचांच्या वितीचं माप

आमच्या जळगावच्या मेहरूणमधल्या गादीवाल्या चाचांनी भुसावळच्या पलीकडं कधी पाऊल टाकलेलं नाही, पण परदेशात शिकायला जाणाऱ्या पोरांनी तिथं कुठं राहावं, या विषयात त्यांच्याइतका अधिकारी माणूस उभ्या पृथ्वीवर सापडणार नाही. निदान चाचांचं स्वतःचं तरी तसं मत आहे आणि ते खोडून काढायची गल्लीत कोणाची छाती नाही. दुकान आठ बाय दहाचं, आत कापूस पिंजायचं जुनं यंत्र, आणि भुवयांवर कायम कापसाचा भुरा बसलेले चाचा. गल्लीतलं कोणी पोरगं परदेशी निघालं की पासपोर्टनंतरची पायरी म्हणजे हे दुकान. पोरगं उत्साहानं युनिव्हर्सिटीचे फोटो दाखवायला लागतं. चाचा हातानं थांबवतात, "ते राहू दे बेटा. पलंग दाखव."

माणसाचं घर म्हणजे त्याची झोपायची जागा, बाकी सगळा पसारा, असं त्यांचं साधं तत्त्वज्ञान आहे. मी घर घेतलं तेव्हा वास्तुशांतीला त्यांना आग्रहानं बोलावलं होतं. भिंती, फरशी, मोड्युलर किचन, काही म्हणता काही न बघता ते थेट झोपायच्या खोलीत गेले आणि चक्क आडवे झाले. बायको हवालदिल! पाच मिनिटांनी डोळे उघडून म्हणाले, "मास्तर, घर अच्छा शे. फक्त उशाला संडासचा पाइप शे." तो पाइप बिल्डरनंही मला सांगितला नव्हता. त्यानंतर आजतागायत आम्ही दक्षिणेकडचं उसं बदलून झोपतो.

दुसरी गोष्ट म्हणजे टेपशी त्यांचं हाडवैर. सगळं माप वितीनं. "टेप लोखंडाची. तिला काय समजतं माणसाचं अंग?" असं म्हणत ते हात पसरतात. हात कसले, सुपंच ती. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत चांगली साडेनऊ इंचांची वीत.

तर आमच्या मुलीचं, तन्वीचं, शिकायला जर्मनीला जायचं ठरलं आणि घरात राहण्याच्या जागेवरून रणधुमाळी सुरू झाली. तीन पर्याय होते. एक युनिव्हर्सिटीचं होस्टेल, एक चार विद्यार्थ्यांनी मिळून घेतलेला फ्लॅट, आणि एक आजीबाईंच्या घरातली वरची खोली. बायकोला आजीबाई पसंत, तन्वीला फ्लॅट. मला काहीच पसंत नव्हतं. खरं सांगायचं तर पोरगी परक्या गावात एकटी पडेल या धास्तीनं माझा घास उतरत नव्हता. शेवटी तिघंही चाचांकडं गेलो.

चाचांनी तिन्ही व्हिडिओ मोबाइल डोळ्याला लावून पाहिले. "फ्लॅटमधले चौघं जुने. ही नवी. ते हसतील, ही रडेल. बुढी माणूस चांगली असंल, पण तिथं हिला बोलायला कोण? होस्टेलमधी बठ्ठे, सगळेच नवे. कोणालाच काही येत नाही, म्हणून कोणी कोणाला हसत नाही." मग म्हणाले, "मी चोपड्याकडून जळगावला कापसाच्या जिनिंगमधी कामाला आलो तवा आम्ही चौघं नवे. गादी एक. आडवे झोपायचो, पाय बाहेर. त्या गादीनं जळगाव माझं केलं."

होस्टेल ठरलं. पण तिथल्या स्पंजवर झोपायचं हे चाचांना मान्य नव्हतं. गोधडीहून जाड आणि गादीहून पातळ असा एक प्रकार ते अशा पोरांसाठी शिवतात, त्याला ते 'परदेशी' म्हणतात. मापासाठी त्यांनी तन्वीच्या ओळखीच्या, त्याच होस्टेलात राहणाऱ्या धुळ्याच्या एका मुलीला फोन लावायला सांगितला. ती बिचारी सेंटिमीटर सांगत होती. चाचांनी तिला दटावून वितीनं मोजायला लावलं. पलंग भरला लांबीला बारा विती, रुंदीला साडेपाच. ती मुलगी अंगानं चिमणीएवढी, तिची वीत केवढी असणार! पण चाचांनी स्वतःच्या वितीनं बारा मोजल्या आणि गादी तयार झाली नऊ फुटांच्याही वर. मी गणिताचा मास्तर. मलाही ती जरा लांब वाटली. चाचा शांतपणे म्हणाले, "गोरे लोक लंबे राहतात मास्तर. पलंगही तसेच." मला ते पटलं. मुलगी जायची म्हटल्यावर बापाचं गणित कुठं जागेवर असतं!

गादी सुतळीनं आवळून बॅगेत कोंबली, तिच्यापायी लोणच्याची बरणी घरीच राहिली. तन्वी पोचली आणि दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, "बाबा, गादी पलंगावरून खाली लोळतेय." मी कपाळावर हात मारला. चाचांना सांगायचा धीर होईना.

चार दिवसांनी फोटो आला. खोलीतल्या जमिनीवर ती गादी पसरलेली, आणि तिच्यावर तिघी आडव्या पडून हसतायत. तन्वी, एक नायजेरियाची, एक व्हिएतनामची. त्या दोघींच्या खोल्या एक तारखेला मिळणार होत्या आणि त्या आठवडाभर आधीच येऊन पडल्या होत्या. तन्वीनं वॉर्डनबाईंची परवानगी काढून त्यांना आपल्या खोलीत घेतलं होतं. सगळ्यांचे पाय गादीच्या बाहेर. महिनाभरात पहिल्यांदा मी पोटभर जेवलो.

फोटो घेऊन दुकानात गेलो. चाचांनी तो बराच वेळ पाहिला, एकेका पोरीच्या पायावर बोट ठेवलं. मग भुवयांवरचा भुरा पुसून म्हणाले, "बघा मास्तर. माप बराबर होतं."

आता समोरच फोमच्या गाद्यांचं काचेचं दुकान झालंय. यंदा गल्लीतून परदेशी कोणी निघालेलं नाही आणि चाचांचं यंत्र बहुतेक वेळ बंदच असतं. शाळा सुटली की मी तिथं टेकतो. तन्वीचा फोन आला की चाचांचा पहिला प्रश्न ठरलेला, "गादीला ऊन दाखवलं का?" तिकडं महिना झाला धड ऊनच पडलेलं नाही, असं ती सांगते. चाचांचा चेहरा उतरतो. दुकानाबाहेर आमच्या जळगावचं ऊन डांबर वितळवत पडलेलं असतं. ते त्याच्याकडं बघत राहतात आणि हळूच म्हणतात, "इथून थोडं पाठवता आलं असतं, तर बरं झालं असतं."